जावईबापूंचा चहा

गवतं अजून बोलत असत त्या काळची गोष्ट. इंदूताईंच्या अंगणात एका कुंडीत गवती चहा होता आणि शेजारच्या रंगीत कुंडीत शोभेचं बुटकं गवत. "तुला रोज कात्री लागते," शोभेचं गवत त्याला हिणवायचं. "मला लोक नुसते बघत राहतात!"

एकदा जावईबापू आले. "आज चहा मी करतो," म्हणत कात्री घेऊन अंगणात गेले आणि त्यांनी शोभेच्या गवताचीच मूठभर पाती कापली.

चहा कडूजहर झाला. पण जावयाला बोलणार कोण? इंदूताई कसाबसा घोट गिळून म्हणाल्या, "वा, फक्कड!"

जावईबापू खुलले. "थांबा, आणखी टाकतो," म्हणत पुन्हा कात्री घेऊन निघाले.

अर्धं बोडकं झालेलं शोभेचं गवत ओरडलं, "अहो, कुणीतरी खरं बोला हो!"