वाटीखालचं बोट

"...आणि मोबाइलातल्या त्या वहीत कुणी खोटं लिहिलं, तर?"

उखाबाबांनी विचारलं आणि हर्षाली हसली. या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ होतं.

बाबा या बंधाऱ्याचे जुने पाटकरी. पाटाचं पाणी कोणत्या शेताला किती वेळ, हे पंचेचाळीस वर्षं त्यांच्या शब्दावर चाललं. आता त्यांचे गुडघे गेले, पाटावरची फेरी थांबली. वरच्या शेतांची पाळी संपली तरी पाटाचं दार फिरेना, आणि शेवटच्या वस्तीची शेतं दोन हंगाम कोरडी राहिली.

हर्षाली त्याच वस्तीतली. पुण्याला कॉम्प्युटर शिकून आलेली. उद्या सकाळी गावाची बैठक होती. बाबांनी मान डोलावली तरच गाव पाणीवाटपाची तिची ही नवी व्यवस्था घेणार होतं. नाहीतर वस्ती गाव सोडून उठून जाणार, हे ठरल्यातच जमा होतं.

"खोटं टिकतच नाही, बाबा. वही एक नाही. बासष्ट घरं, बासष्ट वह्या, सगळ्या सारख्या. एकाने आपल्या वहीत खाडाखोड केली, की बाकीच्या एकसष्ट म्हणतात, आमच्यात असं काही नाही."

"आणि मागचं पानच फाडलं?"

"पान सुटं नसतं. प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. मधली एक हलवली, की पुढची एकही जुळत नाही."

बाबा गालात हसले.

"आमच्या वेळी पाणी घेणारा बांधावर उभा राहून ओरडायचा. मी कुणाकडून घेतलं, आणि त्याने कुणाकडून घेतलं होतं. सगळं शिवार ऐकायचं. त्यातलंच म्हण की."

हर्षाली जराशी हिरमुसली.

"पण दार फिरवायला माणूस लागायचा ना? इथे तोही नाही. पाळीचा करार कॉम्प्युटरमध्येच लिहिलेला. पाटातल्या पाणी मोजणाऱ्या यंत्राने सांगितलं, पाळी भरली, की दार आपोआप फिरतं. कुणाचा वशिला नाही, कुणाची ओळख नाही." ती ताठ बसली. "विश्वास ठेवायचं कामच नाही, बाबा."

"अस्सं..."

बाबांनी पिशवीतून तांब्याची वाटी काढली. बुडाला बारीक भोक. पाटाच्या गढूळ पाण्याने भरलेल्या बादलीत त्यांनी ती अलगद सोडली.

"ही भरून बुडाली की पाळी संपली. पाटलाची असो, नाहीतर तुझ्या आजाची. वाटी कुणाचं तोंड बघत नाही. झाला का नाही तुझा करार?"

"झाला की!"

हर्षालीने उत्साहाने मोबाइल उघडला आणि उद्याच्या बैठकीची चित्रं एकेक करून दाखवू लागली. बाबा बादलीत हात सोडून ऐकत होते.

बऱ्याच वेळाने तिचं लक्ष गेलं. वाटी काठोकाठ भरली होती... आणि बुडत नव्हती.

ती वाकली. पाण्यात, वाटीच्या बुडाला खालून टेकू देऊन, बाबांचं बोट होतं.

हर्षाली एकदम दचकली.

"वाटी खोटं बोलली का, पुण्याच्या बाई?"

"नाही."

"करार मोडला?"

"नाही..."

 तिच्या आराखड्यात पाटातलं यंत्र एकच होतं, आणि तेही वरच्या शेतांच्या बांधाला. त्याच्यापुढे कुणी नुसता दगड सरकवला असता, तर पाणी कमी दिसून वरची पाळी भरलीच नसती, आणि बासष्टच्या बासष्ट वह्यांत एकच खोटं उतरलं असतं. सुवाच्य अक्षरात.

बाबांनी बोट काढलं. वाटी बुडाली.

"दोन यंत्रं लावते," हर्षाली हळूच म्हणाली. "एक वर, एक आमच्या वस्तीच्या तोंडाशी. दोघांचं जुळलं तरच नोंद."

"नाही जुळलं तर?"

"सगळ्यांच्या फोनवर कळेल. मग... दोन्हीकडची माणसं जाऊन बघतील."

"म्हणजे माणसं लागलीच."

तिला हसू आलं, पण टिकलं नाही.

"बाबा, हे तुम्ही दाखवलंत म्हणून कळलं. आणखी काही राहिलं असेल तर? एकदा सुरू केलं की पुसता येत नाही."

"मग काय करतात?"

"सगळ्यांनी हो म्हटलं तर नवा करार लिहायचा, पुढे तो चालतो. पण जुनी चूक तिथेच राहते. माझ्या नावासकट. बासष्ट घरांना दिसत."

"कायमची?"

"कायमची."

 बाबा लांब, पाटाच्या पार शेवटी, कोरड्या शेतांकडे बघत राहिले...

"माझ्या या बोटाची एक चूक गेली सत्तावीस वर्षं मला एकट्यालाच दिसते आहे," ते म्हणाले. "उद्या बैठकीत पहिली तीच लिहून घे, पोरी."