ऐलतीरचा भाऊ

एका मोठ्या नदीच्या काठी एक नावाडी राहत होता. नदीवर पूल नव्हता. अलीकडच्यांना पलीकडे जायचं असो की पलीकडच्यांना अलीकडे यायचं असो, सगळ्यांना त्याच्याच नावेत बसावं लागे. माणूस कष्टाळू होता, वल्ह्यावर हात पक्का होता, आणि बोलायची त्याला भारी हौस होती.

त्याला एक मुलगी होती. तिचं नाव ऐलतीर.

असलं नाव त्या मुलखात कुणी ऐकलेलं नव्हतं. नावेत नव्याने बसलेला माणूस हमखास विचारी, "हे कसलं हो नाव?" मग नावाडी वल्हं जरा सावकाश मारी आणि सांगू लागे. त्याची बायको माहेराहून परत येत होती. दिवस भरत आले होते. नाव नदीच्या मधोमध आली आणि तिला कळा सुरू झाल्या. पाणी चढलेलं, वारा उलटा. नावाड्याने जिवाच्या आकांताने नाव हाकली, आणि नावेचं टोक आपल्या काठच्या वाळूत रुतलं न रुतलं तोच पोरगी जन्मली. "ऐलतीराला लागलो आणि ही आली. म्हणून ऐलतीर!" असं म्हणून तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघे. लोक माना डोलावत. घरी मात्र तिला नुसतंच ऐलू म्हणत.

ऐलू पाच वर्षांची झाली तेव्हा नावाड्याच्या बायकोला पुन्हा दिवस गेले. बातमी नावेतल्या नावेत दोन्ही काठांवर पोहोचली. उतारू म्हणू लागले, "पहिली ऐलतीर. मग आता दुसरं पैलतीर का?" लोक थट्टेत म्हणत होते, पण नावाड्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं. ऐलतीर आणि पैलतीर! अशी जोडी दहा गावांत सापडायची नाही. तो ज्याला त्याला सांगत सुटला.

यथावकाश मुलगा झाला. भर दुपारी, घरातच, सुईण हाताशी असताना. नावाडी तेव्हा नदीत होता. काम आटोपून घरी आला तर मूल दूध पिऊन झोपलेलं. लोकांना सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, याची त्याला जराशी चुटपुटच लागली.

बाराव्या दिवशी बारसं ठरलं. पाळणा सजवला, घुगऱ्या शिजल्या, दोन्ही काठांवरच्या बायका जमल्या. मुलाची आत्या, म्हणजे नावाड्याची थोरली बहीण, पाळण्याशी आली आणि भावाला म्हणाली, "सांग बाबा, काय नाव सांगू कानात?"

"पैलतीर," नावाडी म्हणाला.

आत्या होती तिथेच थबकली. "अरे, शुद्धीवर आहेस का? माणूस गेलं की ते पैलतीराला लागलं म्हणतो आपण. ते नाव बारा दिवसांच्या पोराच्या कानात सांगू? माझ्या जिभेवर नाही यायचं."

बायकांनीही तोंडाला पदर लावले. नावाडी चरफडला, पण बहिणीचं म्हणणं त्याला खोडता येईना. "बरं, ते राहू दे," तो म्हणाला. "पण चारचौघांसारखं नाव मी ठेवणार नाही. ऐलतीरच्या शेजारी शोभेल असंच नाव शोधून आणतो. चार दिवस थांबा."

बायकांनी घुगऱ्या खाल्ल्या आणि त्या आपापल्या घरी गेल्या. बारसं नावावाचून झालं.

दुसऱ्या दिवसापासून नावाड्याने नाव शोधायला घेतलं. जो नावेत बसेल त्याला तो विचारी. कीर्तनकार म्हणाले, "संगम ठेवा." नावाड्याला आवडलं, पण वरच्या गावात एका सुताराच्या मुलाचं नाव संगम निघालं. एका पोक्त शास्त्रीबुवांनी नदीशी जुळणारी नऊ संस्कृत नावं सांगितली. त्यांतली पाच नावाड्याला उच्चारता आली नाहीत आणि उरलेली चार ऐलतीरपुढे फिकी वाटली. मेंढपाळाने सुचवलेलं नाव छोटं होतं, कासाराने सुचवलेलं लांब होतं.

"अहो, मी त्याला हाक काय मारू?" बायको विचारी.

"तोवर बाळ म्हण. चांगलं नाव असं चुटकीसरशी मिळतं का?"

चार दिवसांचे चार महिने झाले आणि चार महिन्यांची चार वर्षं झाली. मुलगा चालू लागला, बोलू लागला, घाटावर खेळू लागला. बाप त्याला 'बाळ' म्हणे, आई 'सोन्या' म्हणे, गाव त्याला 'ऐलूचा भाऊ' म्हणे. ऐलू त्याला काहीच म्हणत नसे. ती नुसती जवळ जाऊन त्याचा हात धरी.

एकदा परगावची एक बाई नावेत बसली होती. तिने मुलाच्या गालाला हात लावून विचारलं, "नाव काय रे तुझं?"

"ऐलतीरचा भाऊ," मुलाने सरळ सांगितलं.

नाव हसण्याने भरली. नावाडीही हसला, आणि त्या निमित्ताने त्याने बाईला ऐलतीरच्या जन्माची हकीकत पहिल्यापासून सांगितली. त्याची बायको घाटावर धुणं धूत होती. तिने ते सगळं ऐकलं. ती हसली नाही.

थंडीचे दिवस आले. एका बाजारच्या दिवशी सकाळी नदीवर असं धुकं उतरलं की घाटाची खालची पायरीसुद्धा दिसेना. मोठी नाव उतारूंसाठी काठाला उभी होती. तिच्या शेजारी एक जुनी लहान होडी होती, आणि मुलगा रोजच्यासारखा तीत जाऊन बसला होता. नावाडी होडीचा दोर खुंट्याला बांधतच होता, तेवढ्यात एका नव्या उतारूने घाटावर उभ्या असलेल्या ऐलूचं खरं नाव ऐकून विचारलं, "हे कसलं हो नाव?"

नावाड्याने दोराला कसाबसा एक वेढा दिला आणि तो सांगू लागला. नाव मधोमध आली, पाणी चढलं, वारा उलटा फिरला. नावेचं टोक वाळूत रुतलं तिथपर्यंत हकीकत आली आणि ऐलू ओरडली, "बाबा, होडी कुठंय?"

खुंटा रिकामा होता.

खाली अर्ध्या कोसावर नदीत खडकांची रांग होती. तिथे आपटलेली होडी शाबूत राहत नसे. नावाड्याने मोठी नाव ढकलली. ऐलूने मागून उडी घेतली. दोघं धुक्यात शिरले.

"बाळा!" नावाडी ओरडला. "अरे बाळा!"

धुक्यातून कुठल्याशा घाटावरून एका बाईचा आवाज आला, "माझं बाळ इथंच आहे हो! तुमचं कुठलं?"

तो आणखी पुढे गेला. "बाळा! ए बाळा!" खालच्या अंगाला कोणी कोळी आपल्या पोराला हाका मारत होता, तोही बाळाच म्हणत होता. दोन्ही हाका पाण्यावर एकमेकींत मिसळून गेल्या. नावाड्याला वाटलं, काहीतरी दुसरं ओरडावं, जे फक्त आपल्या पोरालाच कळेल. त्याने तोंड उघडलं. पण ओरडायला काही नव्हतंच. पंधरा गावांतली शेकडो नावं त्याने चार वर्षांत तोलून पाहिली होती, आणि आज त्याच्या तोंडात एकही नव्हतं. त्याला रडू फुटलं.

"बाबा, ओरडू नका," ऐलू म्हणाली. "तो हाकेला ओ देत नाही. वल्हं थांबवा आणि ऐका."

"काय ऐकू?"

"तो रिकामा बसत नाही कधी. ऐका तर."

नावाड्याने वल्हं पाण्याबाहेर काढलं. धुकं, पाणी आणि शांतता. मग उजवीकडून, बरंच दुरून, एक आवाज आला. छपाक. थोड्या वेळाने पुन्हा छपाक. घाई नाही, गडबड नाही, एका लयीत.

"तोच आहे!" ऐलू म्हणाली.

आवाजाच्या रोखाने नाव गेली. खडकांचा खळखळाट कानावर येऊ लागला होता, तेवढ्यात धुक्यातून होडी दिसली. जुन्या फळ्यांच्या फटींतून तीत पाणी शिरलं होतं, आणि चार वर्षांचा मुलगा गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी करवंटीने पाणी उपसून बाहेर टाकत होता. त्याचे ओठ थंडीने निळे पडले होते, पण तो रडत नव्हता.

नावाड्याने आकडीने होडी ओढली आणि पोराला उचलून छातीशी धरलं. जरा जीव खाली पडल्यावर तो म्हणाला, "अरे, मी एवढ्या हाका मारल्या. ऐकू नाही आल्या तुला?"

"आल्या की," मुलगा म्हणाला. "पण तुम्ही बाळाला बोलावत होता. मी आता मोठा आहे. आणि होडीत पाणी येत होतं, ते कोण काढणार?"

परतताना नावेत ऐलूने भावाला आपल्या ओढणीत गुंडाळून घेतलं होतं. नावाडी वल्हं मारता मारता दोघांकडे बघत होता.

घरी आल्यावर बायकोने मुलाला चुलीपुढे बसवलं, गरम कांजी पाजली आणि मग दाराआड जाऊन मनसोक्त रडून आली. नावाडी भिंतीला टेकून बसला होता. त्याने विचारलं, "अगं, हा कसा आहे?"

"बरा आहे आता. ऊब आली अंगात."

"तसं नाही. पोर कसं आहे आपलं? या नदीतला दगडन् दगड मला ठाऊक आहे, पण हा धुक्यात काय करत असेल ते मला ठाऊक नव्हतं. ऐलूला होतं."

बायको चुलीपुढे बसली. इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं. "जन्मला तेव्हा लवकर रडलाच नाही," ती म्हणाली. "सुईण घाबरली. मग एकदाच रडला, बस्स. नंतर दारातून उजेड येत होता, त्याच्याकडे बघत पडून राहिला. आजही तसाच आहे. पडला तर आपला उठतो, गुडघा झाडतो. ऐलूशी भांडण झालं तर कोपऱ्यात बसतो आणि थोड्या वेळाने स्वतःच तिच्याजवळ जातो. माझं डोकं दुखलं की पाय न वाजवता चालतो. तुम्हाला कधी सांगायला गेले, तर तुम्ही नाव शोधायला निघालेले असायचा."

नावाड्याने चुलीपुढे पेंगणाऱ्या मुलाकडे पाहिलं. "शांताराम," तो म्हणाला.

बायकोला हसू आलं. "अहो, गावात तीन शांताराम आहेत. आपला तेली शांताराम, देवळाजवळचा शांताराम, आणि—"

"हा चौथा होऊ दे."

पुढच्याच आठवड्यात पुन्हा बारसं झालं. पुन्हा घुगऱ्या शिजल्या आणि बायका जमल्या. चार वर्षांचा मुलगा पाळण्यात कसाबसा बसला. त्याचे पाय बाहेर लोंबत होते आणि बायका हसून बेजार झाल्या होत्या. एकजण म्हणाली, "ऐलतीर आणि शांताराम! जोड काही जमली नाही हो."

"जमली नाही तर नाही," नावाडी म्हणाला. "भावाबहिणीचं जमतंय तेवढं पुरे."

आत्या वाकली आणि तिने मुलाच्या कानात नाव सांगितलं. मुलाने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे मी?" त्याने विचारलं.

"हो रे राजा. तूच."

मुलगा पाळण्यातून उतरला, ऐलूपाशी गेला आणि तिच्या कानात त्याने आपलं नाव सांगितलं. मग आईच्या कानात सांगितलं. मग घाटावर जाऊन नावेची वाट बघणाऱ्या एकेकाला सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव सुटायच्या वेळी नावाड्याने हाक दिली, "शांताराम!"

घाटावर तेलाचे बुधले घेऊन बसलेला तेली "ओ" म्हणून उठून उभा राहिला. आणि वरच्या पायऱ्यांवरून नावाड्याचा मुलगाही "ओ, आलो!" म्हणत धावत खाली आला.

तात्पर्य: भावंडांची नावं एकमेकांशी जुळली नाहीत तरी काही बिघडत नाही. नाव ठेवताना शेजारच्या नावाकडे नाही, समोरच्या मुलाकडे बघावं.