बोल्ट

मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती आणि रेक्टर प्राध्यापक देवस्थळी फाटकाबाहेर पोचले होते. आतून दार फोडताना तिथे राहणाऱ्या शेवंता गेडामचे दोन्ही हात भाजले.

चौकशी समितीपुढे ती म्हणाली, "सर पळाले."

इंग्रजी शिकवणारे देवस्थळी हसले. "पळतात ती गुरं. मी मदत आणायला गेलो. इंग्रजीत घाईने जाण्याला किती शब्द आहेत. हरी, रश, डॅश, हेस्टन. माझ्यासाठी नेमका शब्द सांग. येत नसेल तर माफी माग आणि खोली सोड."

"बोल्ट," शेवंता म्हणाली.

"अर्थ तरी माहीत आहे का?"

"तुम्हीच दोन शिकवलेत, सर. एक दाराची कडी, दुसरा धूम ठोकणं. त्या संध्याकाळी पहिला आमच्या वाट्याला आला, दुसरा तुमच्या."

समितीने माफीची मागणी फेटाळली. शेवंताची खोली वाचली.

अहवालात मात्र 'रेक्टर त्वरेने मदतीसाठी गेले' असंच छापलं. देवस्थळी अजून रेक्टर आहेत आणि दाराची कडी अजून बाहेरूनच लागते.