गुंडूने आणलेली लेसरची दुर्बीण

डोंगरातल्या एका गावात एक भोळा पुतण्या होता. नाव गुंडू. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. जसं सांगितलं तसंच करायचा. सगळी अडचण तीच होती.

गुंडू चुलत्याकडे राहायचा. चुलते वैजूतात्या. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती, आणि रानडुकरांनी त्यांच्या जिवाला घोर लावला होता. कळप रोज रताळ्याच्या शेतात उतरायचा आणि सरीच्या सरी उलथून टाकायचा. वनखात्याने डुक्कर मारायची परवानगी दिली, पण शनिवारपर्यंतचीच. तात्यांचा हात स्थिर होता, नजर मात्र दगा द्यायची. लांबचं डुक्कर त्यांना जवळ वाटायचं. बार अलीकडेच मातीत जायचा. डुकरं मान वर करायची, कोण आलंय ते बघायची आणि पुन्हा खायला लागायची.

शेजारच्या गावातल्या शिकाऱ्यांकडे लेसरची दुर्बीण होती. डोळ्याला लावायची, बटण दाबायचं, की जनावर किती मीटरवर आहे त्याचा आकडा आत दिसायचा.

तात्या म्हणाले, "गुंडू, तालुक्याला जा आणि तसली दुर्बीण घेऊन ये. पण स्वस्तातली बघ. गरजेपुरतीच घे, जास्तीची नको."

"बरं तात्या."

तात्यांनी एकदा तरी आपल्याला शाबास म्हणावं, असं गुंडूला फार वाटायचं. तो पहिल्या गाडीने गेला.

तालुक्याला बॅटऱ्या, छत्र्या आणि दुर्बिणी विकणारं एक दुकान होतं. मालकाने दुर्बीण काढली. "ही घ्या. सहाशे मीटरपर्यंत मोजते."

"आमचं शेत शंभर मीटरच आहे," गुंडू म्हणाला.

"मग?"

"मग शंभर मीटर द्या. बाकीची कापून ठेवा. दुसऱ्या गिऱ्हाइकाला होईल."

"दुर्बीण कापून देत नाहीत, पाव्हणं."

"कापडवाला देतो की."

मालकाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग दुर्बीण आत ठेवली आणि मोजायचा टेप बाहेर काढला. "हा न्या. लागेल तेवढाच ओढायचा."

गुंडू खूश झाला. तात्या झाले नाहीत.

"अरे शहाण्या, टेपचं एक टोक मी धरीन. दुसरं कोण धरणार? डुक्कर?"

गुंडूने विचार केला. "विचारून बघू का?"

तात्यांनी कपाळावर हात मारला. "हे काम लांबून व्हायला पाहिजे. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं तात्या. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी गुंडू दुकानासमोर, पण रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. तिथूनच ओरडला, "मालक! दुर्बीण द्या! स्वस्तातली!"

"अहो, आत या. हातात घेऊन बघा."

"नाही! जवळ यायचं नाही, हात लावायचा नाही! तात्यांनी बजावलंय!"

मालकाला वाटलं, ह्याला काहीतरी लागणीचा रोग झालाय. त्याने तोंडाला रुमाल बांधला, हाताला येईल ते यंत्र पिशवीत कोंबलं आणि पिशवी छत्रीच्या टोकाला अडकवून पुढे केली. गुंडूनेही पैसे दगडाखाली ठेवले.

घरी तात्यांनी पिशवी उघडली. आत गवंड्याचं यंत्र होतं. घराच्या भिंती मोजायचं. शेतावर धरलं तर आकडाच दिसेना.

"गुंड्या, डुक्कर काय भिंतीला टेकून उभं राहणार आहे? जा, बदलून आण. आणि घ्यायच्या आधी डोळ्याला लावून बघ. भिंतीवर नाही, जिवंत, चालत्या जनावरावर धरून बघ. आकडा बदलला तरच घे."

"असं होय. आता तसंच करतो."

या खेपेला गुंडू दुकानात शिरला. मालकाने नको नको म्हणत सगळ्यात साधी, स्वस्त दुर्बीण त्याच्या हातात दिली. गुंडू पायरीवर आला आणि चालतं जनावर शोधू लागला. कुत्री झोपली होती. गाढव उभं होतं. समोर भाजीवाली आक्का बसली होती.

गुंडूने दुर्बीण तिच्यावर धरली. "आक्का, जरा चाला की."

"का रं? काय बघतोस मेल्या?"

"जिवंत, चालतं जनावर पाहिजे."

आक्का उठली. हातात मुळ्याची जुडी होती.

"अठरा!" गुंडू ओरडला. "बारा! सात! मालक, चालतंय यंत्र! आकडा बदल..."

पुढचा आकडा त्याला दिसला नाही. मुळे दिसले.

गाल सुजवून तो घरी आला. पण दुर्बीण खरोखरच बरोबर होती. तात्यांनी फणसावर धरली, विहिरीवर धरली, मग पावलं टाकून बघितली. आकडा जुळला. गुंडू आशेने बघत राहिला.

"शाबास डुक्कर पडल्यावर," तात्या म्हणाले.

शनिवार उजाडला. परवानगीचा शेवटचा दिवस. ऊन कलल्यावर दोघे बांधाआड दबा धरून बसले.

"नीट ऐक," तात्या कुजबुजले. "माझा बार चाळीस मीटरपर्यंतच लागतो. यंत्रात चाळीसचा आकडा आला पाहिजे. तोवर मी बंदूक उचलणार नाही."

समोरच्या टोकाला झुडूप हललं. एक थोराड डुक्कर बाहेर आलं आणि पहिल्याच सरीत तोंड खुपसून उभं राहिलं.

"नव्वद," गुंडू म्हणाला.

दोघे थांबले. डुकराला घाई नव्हती.

"नव्वद."

ऊन उतरत चाललं. तात्या घाम पुसू लागले. गुंडूला त्यांची दया आली. आकडा चाळीस व्हायला पाहिजे आणि तो काही आपणहून होत नाही. मग कुणीतरी करायला नको? दुर्बीण डोळ्याला तशीच लावून तो उठला आणि बांध ओलांडून शेतात चालू लागला. ऐंशी. सत्तर. साठ. पन्नास. चाळीस!

"तात्या! आला चाळीस! टाका बार!"

तात्यांनी बंदुकीवरून बघितलं. नळीसमोर गुंडूची पाठ होती. डुक्कर तिच्या मागे झाकून गेलं होतं. दबा, डुक्कर, परवानगी, सगळं विसरून तात्या उठून उभे राहिले आणि ओरडले, "अरे गाढवा! तुझ्यापासून चाळीस काय कामाचे? माझ्यापासून मोज! माझ्या बंदुकीपासून चाळीस पाहिजेत!"

डुक्कर दचकलं आणि झुडपात पसार झालं. गुंडूला ते दिसलं नाही. त्याला आपली चूक कळली होती आणि तो ती तातडीने सुधारत होता. तो वळला, दुर्बीण तात्यांच्या बंदुकीवर धरली आणि बटण दाबलं. पन्नास. मग एकेक पाऊल मोजून टाकत तो तात्यांच्या दिशेने आला. सत्तेचाळीस. त्रेचाळीस. चाळीस.

तिथे थांबून त्याने सरीत पाय घट्ट रोवले आणि छाती पुढे काढली.

"आता बरोबर आहे, तात्या! तुमच्या बंदुकीपासूनच मोजलंय. मी जागचा हलत नाही. टाका बार!"