झरमीनाची दुसरी वही

डॉ. खांबेटे निर्वासितांच्या रोजच्या जगण्यावर संशोधन करत. ही थोर माणसं अशीच. शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, पण काबूलहून पळून आलेल्या बाईची चहाची वेळ वहीत टिपलेली असते. कॉलेज सोडलेला मी त्यांचा अहवाल टाइप करायचो.

त्या बाईचं नाव झरमीना. कागदोपत्री ती सरांची 'सहसंशोधक'; आपल्या गल्लीच्या नोंदी त्यांच्यासाठी एका वहीत टिपायची. ती म्हणाली, "सर, आमची गल्ली आणि वेळा अहवालातून काढा. ज्यांच्यापासून पळालो, ते अजून शोधतायत."

"अगं, उगाच भितेस! ही नुसती माहिती आहे."

तिने पिशवीतून वेगळीच वही काढली आणि शांतपणे वाचू लागली. "सोमवार, पहाटे पाच चाळीस. सर फिरायला जातात, मागचं दार नुसतं लोटून. बुधवार. सरांच्या पत्नी माहेरी. सर त्यांच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतात. गुरुवार. न्हाणीघराच्या खिडकीची कडी तुटली."

सर खुर्चीतून उठले. "तू... कुठून पाहिलंस हे?"

"तुम्हीच शिकवलंत. टिपणाऱ्यानं दिसायचं नाही. छापायची ही माहिती?"

सरांनी माझ्या हातातून अहवाल ओढला. गल्लीचं नाव खोडेपर्यंत त्यांनी तीनदा मागे वळून पाहिलं.