दुसऱ्याच्या हातातला सरदार

एकदा एका नदीकाठच्या गावी, देवीच्या जत्रेत, कळसूत्री बाहुल्यांचा एक मेळा उतरला होता. मेळ्याचे सूत्रधार वयोवृद्ध होते. लहानथोर सगळेच त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली वेणू नावाची एक शिष्या विद्या शिकत होती. तिची बोटं अशी तयार, की तिच्या हातातल्या लाकडी बाहुलीनं नुसती मान वळवली तरी बायका पदर डोळ्यांना लावायच्या. कला होती हो पोरीच्या अंगात, ते नाकारून चालणार नाही. पण ज्याच्या अंगात कला असते, त्याचा कान धरणाराही कुणीतरी लागतो. आज सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

मेळ्याची मूळ कथा सर्वांना तोंडपाठ होती. रणकेतू नावाचा क्रूर सरदार शर्वरी नावाच्या राजकन्येला पळवतो आणि आपल्या गढीत कोंडतो. मग तिचा बालमित्र सुव्रत येतो आणि तिला सोडवून नेतो. झाली कथा. परंतु लोकांच्या मनाचं काही सांगता येत नाही. सुव्रत बिचारा सज्जन, दिलेला शब्द पाळणारा, विचारल्याशिवाय तिचा हातही न धरणारा. त्याचा प्रवेश आला की लोक शेंगा सोलत बसायचे. आणि रणकेतू चाबूक घेऊन आला रे आला, की सगळ्यांच्या माना वर! खेळ संपला की गावोगावच्या तरुण मुली वेणूला गाठायच्या. "अगं, शर्वरी त्या रणकेतूचीच व्हायला हवी होती. वाईट आहे मेला, पण बघतो कसा तिच्याकडे!" हसू नका. तुम्हीआम्ही काही वेगळे नाही, आपण फक्त कबूल करत नाही एवढंच.

वेणूच्या मनातलंच त्या मुली बोलत होत्या. तिनं मूळ कथेला स्वतःची एक जोडकथा रचली. तिच्यात सुव्रत येतच नाही. रणकेतू शर्वरीला उपाशी ठेवतो, चाबूक उगारतो, मारतोही. आणि मग दिवा घेऊन एकटाच येऊन तिच्या जखमेला स्वतःच्या हातानं लेप लावतो. तिच्याकडे दुसऱ्या कुणी नजर वर करून पाहिलं, तर त्याची धडगत नाही. ती सोसते, सोसते, आणि तिच्या सोसण्यानं तो पाषाण कणाकणानं विरघळू लागतो. जत्रेत दररोज एक भाग व्हायचा. शेवटच्या दिवशी रणकेतू चाबूक टाकून तिच्या पायांवर डोकं ठेवणार, असा बेत होता. गर्दी अशी लोटली, की शेजारचा जादूगार आपला तंबू उचलून दुसरीकडे गेला.

आता या मेळ्यात एक जुनी रीत होती. छळणारा आणि छळ सोसणारी, या दोन बाहुल्या एका माणसानं नाचवायच्या नाहीत. दोघांनी दोन नाचवायच्या. वेणूला ही रीत जाचू लागली. तिच्यासोबत रणकेतू नाचवणारा गडी शर्वरीच्या हुंदक्यावर जरा उशिरा वळायचा, आणि वेणूचा जीव वरखाली व्हायचा.

"आबा, दोन्ही मीच नाचवते," ती एक दिवस म्हणाली. "रणकेतूच्या मनात काय चाललंय ते मला नेमकं ठाऊक आहे."

"तुला ठाऊक असणारच," आबा म्हणाले. "बरं, नाचव."

आणि खरोखरच त्या दिवसापासून खेळाला असा रंग चढला, की विचारू नका. शर्वरीचा श्वास अडखळला की त्याच क्षणी रणकेतूची मान वळायची. वेणू त्या वळण्याची दिवसभर वाट पाहायची. घरी ती पुष्कळ बहिणींतली मधली. जेवायला आली नाही तरी कुणाच्या लक्षात येत नसे, आणि मेळ्याबरोबर निघून आली तेव्हाही कुणी वेशीपर्यंत आलं नव्हतं. रणकेतूचं ते रोखून बघणं नाचवताना तिच्या अंगावर शहारा यायचा. असं आपल्याकडे कुणी पाहिलं तर! मग त्याच्या हातात काही का असेना.

जत्रा संपायच्या आदल्या दिवशी ती झाडाखाली बसून दोऱ्यांना मेण लावत होती. तेव्हा एक तरुण बाई तिच्याजवळ आली. तिचं नाव भामा. गावातल्या वैद्यांची ही एकुलती एक मुलगी, पलीकडच्या पेठेतल्या एका कापडव्यापाऱ्याला दिलेली. सध्या ती माहेरी होती. तिच्या उजव्या मनगटाला बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली होती.

"वेणूताई, उद्या शेवटी तो चाबूक टाकतो ना?"

"आत्ताच कशी सांगू? मग उद्या बघायला कोण येईल?" वेणू हसली.

"सांगाच." भामा खाली बसली. "परवा हे मला न्यायला येणारेत. बाबा म्हणतात, जायचं नसेल तर जाऊ नकोस, घर तुझंच आहे. ठरवायचंय ते मीच." तिनं पट्टीची गाठ चाचपली. "हे पण तसेच आहेत हो. मारतात, आणि मग स्वतःच तेल गरम करून आणतात. रडतातसुद्धा. मला वाटायचं, आता नाही सोसवत. पण तुमची शर्वरी बघितली आणि धीर आला. आणखी थोडं सोसलं, तर हे पण बदलतील. होय ना?"

वेणूचा ऊर भरून आला. आपण रचलेलं कुणाच्या काळजापर्यंत पोचलं, याहून मोठं सुख कलावंताला कुठलं? "टाकतो," ती म्हणाली. "चाबूक टाकतो, आणि तिच्या पायांवर डोकं ठेवतो."

भामानं डोळे पुसले, आणि ती हलक्या पावलांनी निघून गेली.

वेणू धावतच आबांकडे गेली. "आबा, ऐकलंत का? माझ्या गोष्टीनं एक मोडत आलेला संसार सांधला जातोय!" तिनं सगळा प्रसंग सांगितला.

आबांनी विचारलं, "तिचं मनगट बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

आबा उठले. "उद्या रणकेतू मला दे," ते म्हणाले, आणि अधिक काही न बोलता आत गेले.

वेणूला आनंदच झाला. साक्षात गुरू आपली जोडकथा नाचवणार! तिनं त्यांना रणकेतूचं शेवटचं भाषण पाठ करून घ्यायला सांगितलं. आबांनी ते निमूटपणे पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली, आणि देवळापुढचं पटांगण माणसांनी फुललं. अगदी पुढे, बायकांत, भामा बसली होती. पडद्यामागे वेणूच्या हाती शर्वरी, आबांच्या हाती रणकेतू. गढीचा प्रसंग सुरू झाला. रणकेतूनं चाबूक उगारला. शर्वरी गुडघ्यांवर आली आणि वेणूच्या गळ्यातून ते वाक्य निघालं, ज्याच्यासाठी सारा गाव जमला होता. "मारा, हवं तितकं मारा. पण मला दूर करू नका."

इथे रणकेतूनं थरथरायचं, आणि चाबूक गळून पडायचा. परंतु रणकेतू थरथरला नाही. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "बरं. मग?"

लोक हसले. वेणूला वाटलं, आबा विसरले. वयच झालं त्यांचं! तिनं वाक्य पुन्हा म्हटलं, अधिक आर्त स्वरात. रणकेतूनं चाबूक आणखी वर नेला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, चाबूक खाली टाका, आबा!"

आणि आबा रणकेतूच्या खड्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "चाबूक खाली का म्हणून टाकू? मारलं तरी तू जात नाहीस. उपाशी ठेवलं तरी जात नाहीस. मग मी बदलू कशाला?"

पटांगण चिडीचूप झालं. या माणसाच्या मनात काय आहे, ते वेणूला पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं. तिनं शर्वरीला रडवून पाहिलं, विनवण्या करायला लावलं, त्याच्या पायांशी लोटलं. समोर चाबूक तसाच. पडद्याच्या फटीतून तिला भामा दिसत होती. पट्टी बांधलेला हात तिनं छातीशी धरला होता.

तेव्हा वेणूनं असं काही केलं, जे तिनं रचलेलं नव्हतं. तिनं शर्वरीला उभं केलं. तिची पाठ रणकेतूकडे वळवली, आणि तिला दरवाज्याच्या दिशेनं चालवू लागली.

रणकेतू ओरडला, "थांब! एक पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन!" शर्वरी चालत राहिली. आणि मग, एकाएकी, त्याचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "शर्वरी, तुझ्यावाचून या रणकेतूचं आहे कोण? साऱ्या जगाला मी शत्रू मानलं, एक तुझ्यापुढे मात्र हरलो. नको जाऊस. तू गेलीस तर मी उरणार नाही."

वेणूचा हात जागच्या जागी थांबला. हेच ते भाषण! तिनंच लिहिलेलं, अक्षर न् अक्षर तिचं. किती दिवस ती या शब्दांची वाट पाहत होती! तिचं सगळं मन मागे ओढलं गेलं. शर्वरीची मान अर्धी वळलीसुद्धा. आणि त्या वळलेल्या मानेबरोबर वेणूनं पाहिलं, की रणकेतू इतकं गोड बोलतोय, पण चाबूक त्यानं अजून टाकलेला नाही.

शर्वरी निघून गेली. रणकेतू रित्या गढीत उभा राहिला. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बोलायला समोर कुणी नव्हतं. आबांनी पडदा पाडला.

लोक चिडले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्यानं मजा घालवली. कुणी म्हणालं, असा कुठं शेवट असतो होय? वेणूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "का केलंत हे, आबा? माझी गोष्ट आवडली नव्हती तर तसं सांगायचं होतं! माझ्याकडे कधी कुणी रागानंसुद्धा पाहिलं नाही. रणकेतू तिच्याकडे बघतो, म्हणून मला तो आवडतो. हा काय गुन्हा झाला?"

आबांनी रणकेतूची बाहुली तिच्या मांडीवर ठेवली.

"गुन्हा नाही, पोरी. ज्याला जग भितं, तो एकीपुढे नमतो, हे बघायला मलाही आवडतं. आणि कुणीतरी आपल्याकडे बघावं ही भूक तर सगळ्यांचीच. तिच्याबद्दल तुला रागावणारा मी कोण? पण हा तुझ्या हातात असताना का विरघळत होता, ते बघ. तिच्या सोसण्यानं नव्हे. तुला हवं होतं म्हणून. राग कधी यावा, किती यावा, कुठं थांबावा, सगळ्या दोऱ्या तुझ्या बोटांत होत्या. म्हणून तुला त्याची भीती वाटली नाही, गोडी वाटली. समोर बसणाऱ्यांनाही हे मनातून ठाऊक असतं. ते घटकाभर रमतात आणि घरी जाऊन भाकऱ्या थापतात. पण एखादीला दोऱ्या दिसत नाहीत. तिला सोसणं दिसतं आणि विरघळणं दिसतं, आणि वाटतं, यातून ते होतं. तिच्या घरातल्या माणसाची दोरी तिच्या हातात नाही, वेणू. तुझ्याही नाही."

"मग या गोष्टी रचायच्याच नाहीत का?"

"रच की. तुला सुचतात, तर रच. फक्त रणकेतू दुसऱ्या कुणाला दे, आणि शर्वरीच्या पायांना चालू दे."

वेणूच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. भामाला आपण काल "टाकतो" म्हणून सांगितलं होतं.

सकाळ झाली तशी ती वैद्यांच्या घरापाशी गेली. आत जायचं धाडस होईना, म्हणून कुंपणाशीच उभी राहिली. व्यापाऱ्याची छकडागाडी दारात आली. माणूस देखणा होता, अदबीचा होता. त्यानं सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, बायकोसाठी आणलेलं लुगडं पुढे ठेवलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"भामा, चल. तुझ्याशिवाय घर खायला उठतं. माझं चुकलं. तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

वेणूची बोटं नकळत आवळली गेली. त्यांत काहीच नव्हतं. हा माणूस पुढे काय करील, ते तिला सांगता येत नव्हतं, थांबवता येत नव्हतं, फिरवता येत नव्हतं. ती श्वास रोखून बघत राहिली.

भामानं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "तुम्ही बोलताय ते आत्ता खरंच असेल. पण मी येत नाही."

त्यानं समजावलं, विनवलं, आणि मग एकदम आवाज चढवला. वैद्यबुवा मुलीच्या बाजूला येऊन उभे राहिले. अखेर व्यापाऱ्यानं लुगडं उचललं आणि गाडी वळवली. वेणू गाडीतल्या त्या चेहऱ्याकडे बघत होती. पश्चात्ताप होता का तो? की राग? खरंच रडत होता का?

गाडी दिसेनाशी झाली, आणि मग वेणूच्या ध्यानात आलं, की इतका सगळा वेळ आपण त्या माणसाकडेच पाहत होतो. तो विरघळतो की नाही, हेच बघत होतो. भामाकडे आपण एकदाही पाहिलं नाही.

तिनं मान वळवली. भामा ओसरीच्या कडेला टेकली होती. तिचे पाय लटपटत होते, आणि चांगल्या हातानं ती ते धरून ठेवायचा प्रयत्न करत होती.

वेणू कुंपण ओलांडून आत गेली आणि तिच्याशेजारी जाऊन बसली.