मीठ विकणारा राजदूत

घाटातून फक्त बैलांचे तांडे चालत, त्या जुन्या काळची ही गोष्ट. घाटाखाली समुद्रकाठी एक राजा राज्य करीत होता आणि घाटावर एक राणी. राजाच्या पदरी एक दूत होता. दोन राज्यांत कुरबूर झाली की तो घाट चढून राणीच्या दरबारी जाई आणि भांडण मिटवूनच उतरे.

पुढे म्हातारा राजा वारला आणि त्याचा तरुण मुलगा गादीवर आला. त्याने दूताला बोलावून सांगितले, "राणीला सांगा, आमच्या मनात काही नाही. ती बेसावध झाली की आम्ही चाल करून जाऊ."

दूत म्हणाला, "महाराज, कडू निरोप सांगाल तेवढे पोचवीन. खोटा निरोप माझ्याच्याने पोचणार नाही."

राजाने त्याच क्षणी त्याला दरबारातून घालवून दिले आणि दुसऱ्याला पाठवले. त्या नव्या माणसाला पाहताच राणीने विचारले, "आमचे नेहमीचे दूत का नाही आले?" तो चाचरला. राणी समजायचे ते समजली. तिने घाट बंद केला.

आता वरच्यांना मीठ मिळेना, खालच्यांना ज्वारी मिळेना. दूत घरी खिन्न बसून असे. शेवटी बायको म्हणाली, "दरबार गेला, पाय तर शाबूत आहेत ना? मीठ घ्या आणि घाट चढा."

चार बैलांवर मीठ लादून तो निघाला. वर पहारेकऱ्यांनी त्याला भाले रोखून राणीपुढे उभे केले.

"आता कुणाचा निरोप आणलात?" राणीने विचारले.

"कुणाचाच नाही, राणीसाहेब. मीठ विकायला आलोय."

"गोण्यांत शस्त्रं नाहीत कशावरून?"

"उघडून बघा. पण आधीच सांगतो, मागच्या दोन गोण्या ओढ्यात भिजल्यात. त्यांचा पुरता भाव देऊ नका."

राणीला हसू आले. "विकायच्या आधीच जो मालातली खोट सांगतो, त्याला घाट मोकळा," ती म्हणाली.

तो ज्वारी घेऊन उतरला, तेव्हा गावोगावी चुली पेटल्या. धंदा वाढला. रिकामे बसलेले दोन्हीकडचे शिपाई त्याचे बैल हाकू लागले आणि एका झाडाखाली बसून भाकरी खाऊ लागले. लढाईचे नाव काढले की आता तेच हसत.

एके दिवशी तरुण राजा स्वतः त्याच्या दुकानी आला. मान खाली घालून म्हणाला, "चुकलो मी. पुन्हा आमचे दूत व्हा."

व्यापारी म्हणाला, "नको महाराज. या खेपेला तुम्हीच चला. वाट मी दाखवतो."

दुसऱ्या दिवशी मिठाच्या बैलांमागून राजा पायी घाट चढला, आणि राणी त्याला सामोरी आली.

बाळांनो, पद कुणीही काढून घेऊ शकतो. पत ज्याची त्याच्यापाशीच राहते.